मलॅक्स तलावाचा ताप: एका उन्हाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१८ मे

प्रकल्प नेमका काय ते आजच लिहून ठेवतो, नाहीतर ऑगस्टपर्यंत मीच विसरेन. मिनेसोटातल्या मलॅक्स तलावाचं पाणी उन्हाळा चढेल तसं वर किती तापतं, तळाशी किती तापतं, आणि त्या हिशेबाने वॉलाय मासा कुठे लागतो, हे एका मोसमात मोजायचं. माझा अंदाज साधा आहे. वर ऊन वाढलं की मासा खाली गारव्याला जाणार, आपण गळ त्याच्या मागे खाली न्यायचा. बोटीतला माझा जोडीदार देवगडकर, त्याला हे सांगितलं तर म्हणतो, "भाऊ, मासो थर्मामीटर घेवन फिरना नाय."

नकाशावरचं नाव फ्रेंच आहे, 'हजार तलाव' अशा अर्थाचं. फ्रेंच उच्चार करायला गेलं की इथला माणूस "काय?" म्हणून दोनदा विचारतो. मलॅक्सच म्हणायचं. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचं नाव मिसी-झागाइगन, मोठा तलाव. मोठा आहेच: १,३२,००० एकर. आणि सगळ्यात खोल जागा किती, तर ४२ फूट. आमच्या आजोळची विहीर एवढी असेल.

आम्ही गोंदियाकडचे, मामा तलावांच्या मुलखातले. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधवलेले. बाहेरच्यांना आईचा भाऊ वाटतो. तलाव म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे आधी पाळ येते, कुणीतरी माती टाकून बांधलेली. इथलं पाणीही दगडमातीच्या बांधानेच अडलंय, फक्त तो बांध हिमनदीने मागे हटताना टाकून दिलेला. इथला मालगुजार म्हणजे बर्फ.

२५ मे

घरीच काम. चार तापमान सेन्सर एका केबलवर जोडले: १, १०, २० आणि ३० फुटांवर. डीएस१८बी२० जातीचे, स्टीलच्या टोपणात बंद करून मिळतात ते. प्रत्येकाला कारखान्यातूनच स्वतःचा वेगळा पत्ता असतो, त्यामुळे चौघं एकाच वायरवर बोलले तरी कोण काय म्हणालं ते कळतं. त्यांना ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, आकडे वाचणारा छोटा ईएसपी३२ बोर्ड आणि पॉवर बँक. हे सगळं पोह्यांच्या जुन्या डब्यात. केबल सरळ खाली जावी म्हणून टोकाला अर्धा किलो शिसं, देवगडकराच्या पेटीतलं.

बर्फाच्या चुऱ्यात बुडवून शून्य तपासलं. तिघे बरोबर. चौथा ०.६ अंश जास्त दाखवतो, त्याचं तेवढं कोडमध्ये वजा केलं. कनेक्शन सुटलं की सेन्सर उणे १२७ अंश दाखवतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तलाव गोठला!"

८ जून

पहिली फेरी. बोट शेजारच्या आजोबांची, १६ फुटी ॲल्युमिनियमची. पेट्रोल आमचं आणि मासा मिळाला तर त्यांना दोन तुकडे, असा करार. मिनियापोलिसहून १६९ नंबरच्या रस्त्याने दोन तासांच्या आत पोचलो.

आता लाज सोडून लिहितो. इथे रस्त्यावरून बोट नेताना तिच्या तळाचं बूच काढूनच न्यावं लागतं, एका तलावाचं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. त्याला कारणही तसंच आहे. मलॅक्समध्ये २००५ साली बाहेरून आलेले झेब्रा शिंपले सापडले, २००९ साली काटेरी पाणपिसू. तर बूच काढणं माझ्या पक्कं लक्षात होतं. पाण्यात उतरवताना परत लावायचं, हे नव्हतं. किनाऱ्यापासून शंभर हातांवर देवगडकर म्हणाला, "भाऊ, माझे मोजे भिजले." मला वाटलं लाटेचं पाणी. मग पोह्यांचा डबा तरंगताना दिसला.

बूच माझ्याच खिशात होतं. पालथं पडून, हात पाण्यात घालून, भोक चाचपून बसवलं. बादलीने पाणी उपसण्यात अर्धा तास गेला. डब्यात थेंबही शिरला नव्हता, ते झाकण आईच्या काळचं आहे.

मोजमाप: १ फुटावर १६.४ अंश सेल्सिअस, ३० फुटांवर १५.७. म्हणजे फरक नाहीच. मासा: शून्य. बुचाची गोष्ट आजोबांना सांगितली नाही. त्यांनी विचारलीही नाही, फक्त बोटीतल्या ओल्या गादीकडे बघितलं.

१५ जून

जळवांबद्दल लिहायलाच हवं. इथे उन्हाळ्यात वॉलायला गांडुळापेक्षा जळू बरी असं सगळे सांगतात. आमिषाच्या दुकानात डझनावर मिळतात, पाण्याच्या डबीत, आणि घरी आणल्या की फ्रीजमध्ये ठेवायच्या. ताकाच्या शेजारी ठेवल्या. बायकोने फ्रीज उघडला, बंद केला आणि शांतपणे म्हणाली, "एक तर त्या राहतील, नाहीतर मी." तडजोड म्हणून जळवा आता गॅरेजमधल्या छोट्या फ्रीजमध्ये आहेत, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'जळू' लिहिलेलं.

वैद्य लावतात त्यातली ही जळू नाही. ही माणसाचं रक्त पीत नाही, पाण्यातलं मेलेलं-मरतुकडं खाते. तरी बोटाला चिकटते, आणि एका बोटावरून सोडवली की दुसऱ्याला. तिच्या रुंद टोकाला, म्हणजे चिकटायच्या वाटीतच, गळ आरपार घालायचा. मग ती पाण्यात फितीसारखी लांब होऊन वळवळत राहते. बारक्या टोकाला ओवली तर गोळा होऊन लटकते आणि मासा ढुंकून बघत नाही. हे कळायला माझ्या चार जळवा गेल्या.

आज मांडणी अशी: तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोऱ्यावर) सरकता फ्लोट, म्हणजे तरंगतं बोंड, वर दोऱ्याची छोटी गाठ. ही गाठ रीळात गुंडाळली जाते, त्यामुळे फेकताना फ्लोट खाली घसरतो आणि पाण्यात पडल्यावर गाठीपाशी येऊन अडतो. गाठ सरकवली की खोली बदलते. फ्लोटखाली मुगाएवढं शिसं, मग ६ नंबरचा गळ. (मी 'गळ' म्हणतो, देवगडकर 'गरी' म्हणतो. तंगूस मात्र दोघांचा एकच.) खुल्या पाण्यात माणशी एकच गळ टाकता येतो. ज्याला गावी पाळीवर पाच काठ्या रोवून बसायची सवय, त्याला हे जड जातं.

गॅरिसन गावाच्या बाजूला एका खडकाळ उंचवट्यावर गेलो. वारा पश्चिमेचा, फूटभर लाट. इथे अशा पाण्याला 'वॉलाय चॉप'च म्हणतात. वॉलायचे डोळे काचेच्या गोटीसारखे असतात, आत चकाकणारा पडदा, मांजरासारखा. त्यामुळे अंधुक पाण्यात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. पृष्ठभाग लाटांनी मोडला की ऊन खाली नीट पोचत नाही, आणि याची दुपारीच संध्याकाळ होते. सपाट, चकचकीत पाण्यावर हाच मासा दिवसभर उपाशी.

फ्लोट लाटेबरोबर वरखाली होत उंचवट्याच्या काठाकडे वाहत गेला आणि गेला. बुडाला म्हणावं असं काही नाही, दिवा मालवावा तसा गेला. ओढलं. १९ इंच, पाठ सोनेरी-हिरवी, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. दोघांत मिळून पाच मासे, पाचही १० ते १४ फुटांवर. पाणी वर १८.१, तळाशी १७.५.

हा १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा आहे. त्याने बोटीत माझ्या पँटवर जे केलं ते अधिकृत नव्हतं.

२९ जून

काही नाही. अक्षरशः काही नाही.

मेफ्लाय नावाच्या माश्या निघाल्या आहेत. तळाच्या चिखलात वर्ष-दोन वर्षं बीळ करून राहिलेल्या अळ्या आता वर येतात, पंख फुटतात, आणि दिवस-दीड दिवसात मरतात. सकाळी धक्क्यावर उतरलो तर पायाखाली कुरकुर आवाज, चुरमुऱ्यांवरून चालल्यासारखा. दिव्याच्या खांबाला थर. पंक्तीत जेवून उठलेल्याला तुम्ही शिळी भाकरी दाखवा, तशी आमची जळू. मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर तळाशी मासे दिसत होते, तोंड कुणी उघडेना.

पाणी, वरून खाली चारही सेन्सर: २२.६ / २२.३ / २१.९ / २१.०.

६ जुलै

तीन दिवस वारा नाही. तलाव काचेसारखा, पलीकडचा काठ दिसत नाही, आभाळ कुठे संपतं तेही नाही. अंगाला चावणाऱ्या माश्या घोट्याच्या वर जात नाहीत पण मोज्यातून चावतात.

आज मात्र आकडे बघून मी उडी मारली, १६ फुटी बोटीत मारायची नसते तरी. २६.२ / २४.९ / २२.० / २०.४. वर आणि तळ यांत जवळजवळ ६ अंशांचा फरक! माझा गारव्याचा सिद्धांत. देवगडकराला स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, "बघूया, जेवणार काय तुझो सिद्धांत?"

उत्तरेकडच्या चिखलाच्या फ्लॅटवर गेलो. भोवती ३०-३५ फूट पाणी आणि मधेच तळाचा चिखल सपाट टेकाडासारखा २०-२२ फुटांपर्यंत वर आलेला, अशी ही जागा. त्याच्या उताराच्या पायथ्याशी, ३० फुटांवर, सरकत्या शिशाची मांडणी ओढत हळूहळू फिरलो: पुढे शिसं तळावर खरडत जातं, मागे चार हातांवर गांडूळ. मासा धरतो तेव्हा तंगूस मोकळा सोडायचा, त्याला शिशाचं वजन कळू द्यायचं नाही, पाच-सहा मोजायचे, मग ओढायचं.

तीन मासे लागले. सिद्धांत जेवला.

तिसऱ्याला मी जरा जास्तच वेळ दिला. त्याने गळ पार घशात नेला होता. ओला हात करून धरला, तोंडात बघितलं तर तंगूस आत नाहीसा झालेला आणि कल्ल्यापाशी रक्त. मापात बसत नव्हता, सोडणं भाग होतं. मी चिमट्याने गळ काढायला गेलो. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा देवगडकराने हात धरला, "कापून टाक रे." कापला. मासा पाण्यात आडवा धरून उभा राहीपर्यंत थांबलो. कल्ले हलत होते. सोडला तसा खाली गेला, मला बरं वाटलं.

वीस मिनिटांनी तोच मासा ४० हातांवर पोट वर करून दिसला. त्याच्या ओठाच्या कडेला माझाच तंगूस होता, हिरवा. एक सीगल पक्षी वरून दोन चकरा मारून गेला.

७ जुलै

रात्री वाचत बसलो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने याच तलावावर सोडलेल्या वॉलायचा अभ्यास केलेला आहे. थंड पाण्यात सोडलेले जवळजवळ सगळे जगतात. पाणी ६८ फॅरनहाइटच्या, म्हणजे २० सेल्सिअसच्या वर गेलं की मरणाऱ्यांचं प्रमाण चढायला लागतं, आणि गळ खोल गेला असेल तर आणखी. खोल पाण्यातून झटकन वर आणल्याचा त्रास वेगळा, हवेची पिशवी फुगते. म्हणजे काल मी तिन्ही गोष्टी एकदम केल्या: गरम पाणी, खोल जागा, आणि उशिरा ओढलेला गळ. गळ आतच राहू देऊन तंगूस कापलेला मासा तरी बऱ्यापैकी जगतो. तेही मी चिमटा घालून झाल्यावर केलं.

यामुळेच इथे 'धरा आणि सोडा' हा हिशेबाबाहेरचा खेळ नाही. सोडून मेलेले मासेही अंदाजाने वर्षाच्या पकडीच्या कोट्यात धरले जातात. तो कोटा राज्य आणि ओजिब्वे जमाती यांच्यात वाटला जातो. १८३७ च्या तहातला त्यांचा मासेमारीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला. २०१५ मध्ये ३ ऑगस्टला राज्याने आपला वाटा संपला म्हणून इथली वॉलायची मासेमारी मोसमाच्या मधेच बंद केली. नंतर काही वर्षं जुलैमध्ये ठरवूनच बंदी होती. धक्क्यावरच्या गप्पांत याचा दोष कुणावर टाकायचा हे ज्याच्या त्याच्या टोपीवरून कळतं. मला तरी माझ्या हिरव्या तंगुसाचा दोष त्या तहावर टाकता येत नाही.

१३ जुलै

गुरुवार-शुक्रवार वायव्येचा जबर वारा होता. आज निवळल्यावर गेलो, केबल सोडली, आणि मला वाटलं बोर्ड अडकला. २३.४ / २३.४ / २३.३ / २३.१. दोनदा रीस्टार्ट केला. तेच.

सिद्धांत वारला. वरचं पाणी आणि खालचं पाणी वाऱ्याने ढवळून एक करून टाकलं, भांड्यातलं विरजण घुसळावं तसं. एवढा मोठा उघडा पसारा आणि खोली जेमतेम चाळीस फूट. खोल, अरुंद तलावात उन्हाळाभर खाली थंड थर टिकून राहतो, माशाला तळघर मिळतं. इथे तळघर नाही. शांत हवेत चार दिवस तयार होतं आणि एका वादळात मोडतं. गेल्या शनिवारी मी जे बघितलं तो नियम नव्हता, वाऱ्याची सुट्टी होती.

मग मासा होता कुठे? वाऱ्याच्या बाजूच्या उंचवट्यावर, १२ फुटांवर, लाटेने गढूळ झालेल्या पट्ट्यात. २३ अंश पाण्यात. गारवा शोधत नव्हता, अंधार आणि खाणं शोधत होता. देवगडकर काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं फार मोठं होतं.

फ्लोटची मांडणी परत लावली, आणि बुडाला की लगेच ओढायचं ठरवलं. दोन मासे, दोघांचाही गळ ओठात. बोटीत न घेता पाण्यातच सोडवले. एक नियमात बसत होता तरी सोडला, आजोबांचे दोन तुकडे उधार.

२० जुलै

पाऊस, विजा. धक्क्यावरूनच परत.

२७ जुलै

२५.८ / २५.७ / २५.५, आणि तळ उणे १२७. चौथ्या सेन्सरच्या जोडात पाणी शिरलं. पण तिसऱ्यावरून तळाचा अंदाज येतो, आणि तो अंदाज चांगला नाही.

मोजून किनाऱ्यालगत येत होतो तेव्हा पाण्यावर चांदीचे कागद तरंगताना दिसले. जवळ गेलो तर टुलिबी. हेरिंगच्या आकाराचा, चंदेरी, थंड पाण्याचा मासा. एक, मग तीन, मग काठाच्या दगडांत रांगच. डोळे पांढरे झालेले, वास यायला अजून सुरुवात नव्हती. टुलिबीला थंड आणि प्राणवायू असलेलं पाणी लागतं, आणि गरम पाण्यात प्राणवायूच कमी मावतो. त्याला खाली जायला जागाच नाही. मोठे वॉलाय आणि मस्की हे मोठे शिकारी मासे याच माशावर पोसतात. मलॅक्समध्ये कडक उन्हाळ्यात हे होतं, असं वाचलं होतं. वाचणं वेगळं.

मुलगी बरोबर होती. तिने विचारलं, "बाबा, यांना कुणी सोडलं होतं का?" नाही म्हटलं. यांना कुणी धरलंही नव्हतं.

गळ पेटीतून काढलाच नाही. वहीत नियम लिहिला: २० फुटांवर २४ च्या वर असेल तर वॉलायच्या मागे जायचं नाही. देवगडकराला फोन केला. तो म्हणाला, "मग सकाळी चारला उठून तिथे करायचं काय?"

३ ऑगस्ट

त्याचं उत्तर: पर्च. दक्षिणेकडच्या आयल खाडीत पाणवनस्पतींच्या कडेला, सात-आठ फुटांवर, पिवळे पर्च. हाताच्या पंज्याएवढे, अंगावर उभे पट्टे. खायलाच धरायचे, त्यामुळे सोडण्याचा प्रश्न कमी. गांडुळाचा अर्धा तुकडा, लहान गळ, लहान फ्लोट. मुलीने सहा काढले, मी दोन. एकदा तिच्या पर्चच्या मागून झाडीतून काहीतरी लाकडाच्या ओंडक्यासारखं आलं, थांबलं, बघितलं, परत गेलं. नॉर्दर्न पाइक. आमच्याकडचा मरळ असाच, झाडीत दबा धरून. ती अजून त्याची लांबी हातांनी दाखवते, रोज थोडी वाढते.

खवले घट्ट, सोलूनच घ्यावे लागतात. आलं-लसूण, तिखट, हळद, आगळ, आणि रवा. आजोबांना डबा दिला. बोटीच्या गादीचा विषय त्यांनी आज पहिल्यांदा काढला, हसत.

२४ ऑगस्ट

२२.५ / २२.५ / २२.४ / नवा सेन्सर २२.२. रात्री गार पडायला लागल्या. पहाटे लून पक्ष्याचा आवाज, आणि तो आवाज मला अजूनही कुणीतरी बुडतंय असाच वाटतो. एक वॉलाय, ओठात गळ, सोडला. दहा वाजता परत.

७ सप्टेंबर

१९.५. चारही. पहिल्यांदाच सगळे २० च्या खाली.

संध्याकाळी त्याच जूनमधल्या उंचवट्यावर. तशीच फूटभर लाट. जळवा आमिषाच्या दुकानातल्या शेवटच्या, बारक्या आणि सुस्त. दुकानदार म्हणाला, आता लहान मासेच वापरा, यांचा मोसम संपला. सूर्य गेल्यावर अर्ध्या तासात चार मासे, ११ फुटांवर. चौथा २४ इंच. पाण्यातच धरून गळ काढला, हात मोकळा केला तर शेपटीने माझ्या तोंडावर पाणी मारून गेला.

मोसमाचे आकडे एका तक्त्यात घातले. खोली आणि मासा यांत काही नातं दिसत नाही. वारा आणि मासा यांत दिसतं. पुढच्या वर्षी वाऱ्याचा सेन्सर लावायचा, आणि केबलच्या जोडांवर दोन थर गोंद.

घरी येऊन जळवांचा डबा घासूनपुसून स्वयंपाकघरात नेला. बायको म्हणाली, "तो आता पोह्यांनाही नको."